कार्टमध्ये टाकण्याआधी: ऑनलाइन खरेदीत या चुका टाळा

फलटणला एसटी स्टँडजवळ आमचं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. पीक विमा, उत्पन्नाचा दाखला, रेल्वेचं तिकीट ही आमची मुख्य कामं. गेल्या काही वर्षांत त्यात एक भर पडली आहे. माणूस येतो, काउंटरवर मोबाइल ठेवतो आणि म्हणतो, "दादा, एवढं रिटर्न लावून द्या की." या कामाचे पैसे घ्यावेत की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पण लोक नेमके कुठे अडकतात, ते मात्र रोज बघायला मिळतं.

अडकणारी माणसं बावळट नसतात. मंडईत मेथीची जुडी उलटीपालटी करून, मुळाची माती झटकून घेणाऱ्या काकूच मोबाइलवर दोन हजारांची वस्तू अर्ध्या मिनिटात घेतात. दुकानात भाव, सोय आणि भरवसा या तिन्हींचा अंदाज समोरच्या माणसाकडे बघूनच येतो. मोबाइलवर भाव ठळक अक्षरांत दिसतो, सोय एका बटणावर असते आणि भरवशाच्या खुणा मात्र खाली कुठेतरी बारीक टायपात असतात. तिथपर्यंत बोट सरकवायचा कंटाळा केला की गडबड होते.

विकतोय कोण, हेच न बघणं

"मी अमुक अॅपवरून घेतलं" असं आपण म्हणतो. पण मोठी अॅप म्हणजे दुकान नव्हे, तो आठवडी बाजार आहे. जागा नगरपालिकेची, गाळा दुसऱ्याचा. अॅमेझॉन, फ्लिपकार्टसारख्या परकीय गुंतवणुकीच्या बाजारपेठांना आपल्या नियमांनुसार स्वतःचा माल ग्राहकाला थेट विकता येत नाही. माल वेगवेगळ्या विक्रेत्यांचा असतो. एकाच मिक्सरच्या पानावर चार-पाच विक्रेते असू शकतात आणि स्वस्त देणारा खात्रीचा असेलच असं नाही.

आमच्या शेजारच्या काकूंनी असाच मिक्सर घेतला. दुसऱ्या विक्रेत्यापेक्षा १८० रुपये कमी होते. खोकं उघडलं, तर चटणीच्या भांड्याला लसणाचा वास. कुणीतरी वापरून परत केलेला मिक्सर पुसून पुन्हा पाठवलेला. काकू मला म्हणाल्या, "वास घे रे, घे," आणि भांडं माझ्या नाकाला लावलं. वास होता.

विक्रेत्याच्या नावावर बोट ठेवलं की त्याचं पान उघडतं. वस्तूला किती तारे आहेत ते वेगळं आणि विक्रेत्याला किती आहेत ते वेगळं. लोक पहिले बघतात, दुसरे बघत नाहीत. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार विक्रेत्याचं नाव, पत्ता आणि संपर्क बाजारपेठेने दाखवायलाच हवा. तो सापडत नसेल तर मी तिथूनच मागे फिरतो. मोबाइल, मिक्सर, गिझर अशा वॉरंटीच्या वस्तू घेताना कंपनीच्या वेबसाइटवर अधिकृत विक्रेत्यांची यादी असेल तर ती बघावी आणि आलेल्या बिलावर वस्तूचा अनुक्रमांक (सिरियल नंबर) आहे का ते तपासावं. बिल नाही तर वॉरंटीही नाही, असं धरून चाला.

रीलमधली पैठणी

लग्नसराईत दुकानावर सगळ्यात जास्त ही तक्रार येते. रीलमध्ये येवल्याचा हातमाग, धोटा सरसर फिरतोय, मोराचा पदर, आणि खाली लिहिलेलं असतं: फक्त १,४९९ रुपये, आज शेवटचा दिवस. पैसे क्यूआर कोडवर पाठवायचे. घरी येते ती छापील पदराची पॉलिएस्टर साडी. कधी तीही येत नाही.

इथे भावच सगळं सांगत असतो. हातमागावरची खऱ्या रेशमाची पैठणी विणायला कित्येक दिवस, नक्षी भरगच्च असेल तर महिने जातात. ती दीड हजारात बसणारच नाही. स्वस्त घ्यायला हरकत काहीच नाही. यंत्रमागावरची, सेमी सिल्कची साडी म्हणून घ्या आणि खुशाल नेसा. पण ती खरी पैठणी म्हणून कुणी देत असेल तर पदराच्या मागच्या बाजूचा फोटो मागा. हातविणीच्या पदराची नक्षी मागूनही जवळजवळ पुढच्यासारखीच स्वच्छ दिसते. मागे सुटे धागे लोंबत असतील तर ते यंत्राचं काम समजा. रेशमाची खात्री हवी तर सिल्क मार्कचं लेबल विचारा. एवढं विचारल्यावर समोरचा ब्लॉक करतो की उत्तर देतो, यावरूनच अर्धा निकाल लागतो.

पैसे कुणाच्या नावावर जातायत तेही वाचा. यूपीआयवर पिन टाकण्याआधी नाव दिसतं. पान "अमुक सिल्क हाऊस"चं आणि नाव परराज्यातल्या कुण्या एका माणसाचं, असं असेल तर थांबा. जीएसटी क्रमांक दिलेला असेल तर सरकारी जीएसटी पोर्टलवर तो फुकट तपासता येतो. महाराष्ट्रातल्या नोंदणीचा क्रमांक २७ ने सुरू होतो.

एक मात्र सांगतो. बचत गटाच्या बायका व्हॉट्सअॅपवर पापड, लोणची, गोधड्या विकतात. त्यांच्याकडे ना जीएसटी ना वेबसाइट, पण त्यांच्याकडून मी डोळे झाकून घेतो. तिथे भरवसा ओळखीतून येतो: कुणाची तरी वहिनी, कुणाची तरी मावशी असते. अनोळखी पानाला मात्र तोच भरवसा फुकटात देऊ नये.

टक्के बघून हुरळणं

"८० टक्के सूट" हा आकडा छापील कमाल किमतीवरून काढलेला असतो आणि त्या किमतीला ती वस्तू कदाचित कुणीच कधी विकलेली नसते. सूट किती यापेक्षा हातातून किती पैसे जाणार ते बघा आणि तेही शेवटच्या पानावर. हाताळणी शुल्क, प्लॅटफॉर्म शुल्क, पॅकिंग, कुठे तरी आधीच टिक केलेला विमा किंवा देणगी असं सगळं तिथे जमा होतं. अशी आधीच केलेली टिक ग्राहकाची संमती धरता येत नाही, हे २०२० च्या नियमांतच आहे. ३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा तेरा फसव्या युक्त्यांची यादी काढून त्यांवर बंदी घातली. गुपचूप वस्तू कार्टमध्ये सरकवणं, "फक्त २ शिल्लक" अशी खोटी घाई करणं, शुल्क शेवटपर्यंत लपवून ठेवणं हे सगळं त्यात येतं. बंदी आहे म्हणून प्रकार थांबलेत असं समजू नका.

किराण्यात तर सरळ हिशेब असतो. पाकिटांवर आता दर ग्रॅमचा किंवा लिटरचा भाव छापतात, तो ताडून बघायचा. दहा मिनिटांत येणारी कोथिंबीर वाईट नाही, पण २० रुपयांच्या कोथिंबिरीवर २५ रुपये शुल्क पडत असेल तर कोपऱ्यावरचा भाजीवाला काय वाईट आहे?

पंचतारांकित अभिप्राय

पाच तारेवाले वाचू नका, ते एकतर भाबडे असतात किंवा पैसे घेतलेले. एक तारेवाले बऱ्याचदा कुरिअरवर चिडलेले असतात. मी दोन आणि तीन तारेवाल्यांकडे जातो. "चांगलं आहे, पण तीन महिन्यांनी झाकणाचं रबर सैल झालं" असं वाक्य तिथे सापडतं. ग्राहकांनी काढलेले फोटो आणि तारखा बघा. अभिप्राय भलत्याच रंगाच्या किंवा मापाच्या वस्तूचे नाहीत ना, तेही बघा, कारण एकाच पानावर सगळे एकत्र दाखवतात.

"सीओडी आहे, म्हणजे धोका नाही"

आहे. सीओडी म्हणजे वस्तू दारात आल्यावर पैसे. डिलिव्हरीवाला ते घेऊन मोकळा होतो आणि खोकं तुम्ही नंतर उघडता. त्याच्याशी भांडून उपयोग नाही, तो फक्त पोचवणारा. दुसरा प्रकार असा की दुपारी घरी आजी एकट्या असतात, पार्सल येतं, "नातवाने मागवलंय, ४९९ द्या." नातवाने काहीच मागवलेलं नसतं. आमच्या गल्लीत आता नियमच झालाय: फोन करून विचारल्याशिवाय कुणी पैसे द्यायचे नाहीत. महागाच्या वस्तूसाठी दारातच खोकं उघडून दाखवण्याची सोय असेल तर ती घ्या आणि वस्तू बघितल्याशिवाय ओटीपी सांगू नका. नाहीतर खोकं फोडताना सलग व्हिडिओ काढा, वरचं लेबल दिसेल असा.

कस्टमर केअरचा नंबर गुगलवर शोधणं

बाकीच्या चुकांत वस्तूचे पैसे जातात, इथे अख्खं खातं जातं.

आमच्याकडे एक निवृत्त शिक्षक येतात. चादरीचे ६४९ रुपये परत मिळायचे होते. त्यांनी गुगलवर कंपनीचं नाव टाकून नंबर शोधला आणि लावला. पलीकडचा माणूस फार अदबीने बोलला, सर-सर म्हणाला. "एक छोटं अॅप टाका, मी इथून फॉर्म भरतो." ते स्क्रीन दाखवणारं अॅप होतं. मग, "रिफंड स्वीकारायला पिन टाका." दोनदा पिन टाकला, १८ हजार गेले. सर दुकानात आले ते पासबुकाची झेरॉक्स काढायला. तक्रारीचा विषय काढला तर म्हणाले, "जाऊ दे, लोक हसतील."

पैसे घ्यायला पिन लागत नाही. यूपीआय पिन खात्यातून पैसे बाहेर जाण्यासाठी असतो. घरातल्या मोठ्यांना याखेरीज दुसरं काही शिकवू नका, एवढं पाठ करून घ्या. मदत क्रमांक फक्त अॅपच्या आत, ऑर्डरच्या पानावरून शोधायचा.

झालंच तर पहिला फोन १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, मग बँकेला. पैसा एका खात्यातून दुसऱ्यात सरकत असतो आणि वेळेत कळवलं तर वाटेत गोठवता येतो. सरांना मी तिथेच बसवून फोन लावायला लावला, तेव्हा त्यातले सहा हजार पुढच्या खात्यात अडकले. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमानुसार चूक तुमची नसेल आणि तीन कामाच्या दिवसांत कळवलं, तर नुकसान तुमच्या माथी येत नाही. पिन तुम्हीच दिला असेल तर कळवेपर्यंतचा तोटा तुमचा, त्यानंतर काही गेलं तर बँकेचा. म्हणून उद्यावर ढकलू नका.

"नो कॉस्ट" हप्ता

रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज असा प्रकारच नसतो. व्याजाएवढी सूट आधी देतात आणि कार्डाच्या बिलात व्याज लावतात. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी आणि वर प्रक्रिया शुल्क तुमच्या पदरी पडतं. रोख घेतलं असतं तर वेगळी सूट मिळाली असती का, तेही बघा. हप्ता घ्यायला ना नाही, फक्त फुकट समजून घेऊ नका.

बिघडलंच तर

"या वस्तूला रिटर्न नाही" हे वाचून लोक गप्प बसतात. ते मन बदललं तर लागू होतं. वस्तू सदोष, बनावट, वर्णनापेक्षा वेगळी किंवा सांगितल्यापेक्षा उशिरा आली, तर विक्रेत्याला परत घेणं नाकारता येत नाही, असं २०२० च्या नियमांत स्पष्ट आहे. मात्र अॅपवरची मुदत पाळा. वस्तू आल्या दिवशीच चालवून बघा. पंखा दिवाळीला लावू म्हणून माळ्यावर ठेवला की सात दिवस कधी संपले ते कळत नाही.

आधी अॅपवर फोटोंसह तक्रार करा आणि तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवा. चॅटवरचा यंत्रमानव तेच तेच बोलत असेल तर अॅपच्या तळाशी तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव असतं, त्याला ईमेल करा. त्याने ४८ तासांत पोच द्यायची असते आणि महिन्याभरात निवारण करायचं असतं. तेही झालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. बरीच प्रकरणं इथे मिटतात, कारण हेल्पलाइनवरून गेलेली तक्रार कंपनी सहसा चॅटसारखी टोलवत नाही.

त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. विक्रेता दिल्लीचा असो की सुरतेचा, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, म्हणजे आम्हाला साताऱ्यात. वस्तूसाठी मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकील सक्तीचा नाही आणि तक्रार करायची मुदत दोन वर्षांची. अर्ज ऑनलाइन भरता येतो.

काकूंच्या मिक्सरला एवढं लागलं नाही. व्हिडिओ नव्हता, पण भांड्याच्या तळाला चिकटलेल्या चटणीचा फोटो होता. १९१५ ला फोन केल्यावर नवव्या दिवशी पैसे परत आले. नवा मिक्सर त्यांनी बाजारातल्या दुकानातून घेतला, अॅपपेक्षा अडीचशे रुपये जास्त देऊन. दुकानदाराला तो दोनदा चालवून दाखवायला लावला आणि भांड्याचा वास घेतला.