(२,७) कोडचं टेबल पाठ करू नका, कागदावर बनवा

जुन्या हार्डडिस्कवरचा (२,७) कोड, म्हणजे डेटाचे बिट डिस्कवर लिहायच्या बिटमधे बदलायची पद्धत, बहुतेक जण सात ओळींचं टेबल म्हणून पाठ करतात आणि पेपर झाला की विसरतात, पण खरं सांगू का, ते टेबल पेन्सिल घेऊन अर्ध्या तासात बनतं.

अट एवढीच की दोन १ च्या मधे कमीत कमी २ आणि जास्तीत जास्त ७ शून्यं हवीत. १ म्हणजे डिस्कवर चुंबकाची दिशा उलटते, हे १ फार जवळ आले तर एकमेकांत मिसळतात आणि फार लांब गेले तर वाचणाऱ्या सर्किटचा टायमिंगचा अंदाज सुटतो.

आधी बघायचं की डेटाच्या १ बिटला डिस्कवर २ बिट एवढ्यात भागतंय का. शून्यं आणि शेवटी १ असे तुकडे पाडा, लांबी ३ ते ८ येते. प्रत्येक बिटला १/√२ ने गुणायचं (डिस्कचे दोन बिट मिळून १/२, म्हणजे डेटाचा एक बिट), म्हणजे ३ बिटच्या तुकड्याची किंमत ०.३५४, ४ च्याची ०.२५, असं आठपर्यंत. बेरीज १.०५६. एकच्या वर आली ना, मग जागा आहे. (कपॅसिटी, म्हणजे डिस्कच्या एका बिटमधे जास्तीत जास्त किती डेटा बसू शकतो, ती साधारण ०.५१७, आपण ०.५ वापरतोय, वाया फारसं जात नाही.)

आता कोडवर्ड, म्हणजे डिस्कवर लिहायचे बिटचे शब्द. कुठल्याही क्रमाने चिकटले तरी अट मोडायला नको, म्हणून प्रत्येकाच्या शेवटी २ किंवा ३ शून्यं, सुरुवातीला जास्तीत जास्त ४, म्हणजे ३+४=७. लांबी सम, आणि एक शब्द दुसऱ्याची सुरुवात नको.

४ बिटचे दोनच निघतात, ०१०० आणि १०००. या दोघांनी सुरू होणारे सोडले तर ६ बिटचे तीन: ०००१००, १००१००, ००१०००. ८ बिटचे दोन: ००१००१००, ००००१०००. मी इथे हमखास ०००००१०० पण घुसवायचो, दिसायला निरागस आहे, पण सुरुवातीलाच पाच शून्यं, त्याच्या आधी १००० आला की आठ झाली, खेळ खल्लास!

४ बिटचा शब्द डेटाचे २ बिट उचलतो, म्हणून त्याचा हिस्सा १/४, ६ वाल्याचा १/८, ८ वाल्याचा १/१६. २/४ + ३/८ + २/१६ = बरोबर १, म्हणजे डेटाच्या प्रत्येक शक्यतेला शब्द मिळाला. इथेच थांबायचं, कमी पडलं असतं तर १० बिटकडे गेलो असतो.

डेटाची झाडासारखी फोड करून (प्रत्येक फाट्यावर ० किंवा १) जोड्या लावा: १०→०१००, ११→१०००, ०००→०००१००, ०१०→१००१००, ०११→००१०००, ००१०→००१००१००, ००११→००००१०००. करून बघा, ०१११०००१० चे तुकडे ०११, १०, ००१० आणि लिहिलं जातं ००१००० ०१०० ००१००१००, मधली शून्यं ४, ४, २. सगळ्यात वाईट जोडी ११ नंतर ००११, तिथे नेमकी ७.

सारख्या लांबीचे शब्द आपसांत बदलले तरी कोड चालतो, असे २४ प्रकार होतात, पण एक बिट चुकल्यावर चूक किती पसरते ते या निवडीवर ठरतं. आयबीएमच्या पीटर फ्रानाशेकच्या १९७२ च्या पेटंटमधे हाच मुद्दा होता, आणि १९७९ च्या आयबीएम ३३७० डिस्कमधे हा कोड वापरला गेला. नंतर पीसीत एमएफएम या आधीच्या लिहायच्या पद्धतीत एका ट्रॅकवर १७ सेक्टर बसायचे तिथे याने २६ बसवले, दिशाबदलांमधलं किमान अंतर तेवढंच ठेवून.

आणि हो, डेटा ००१ वर संपला तर टेबलात काहीच जुळत नाही, तेव्हा शेवटी एक फालतू बिट जोडा आणि खरी लांबी वेगळी लिहून ठेवा.