मोटरहोमचा बाहेरचा शॉवर हिवाळ्यानंतर गळतो? हे करा

मिनेसोटात जानेवारीत पारा उणे 20 सेल्सिअसखाली जातो. एप्रिलमध्ये पंप लावला की आमच्या मोटरहोमच्या (राहायची सोय असलेल्या गाडीच्या) बाहेरच्या शॉवरमागून पाणी गळायचं, कारण आत अडलेलं पाणी थंडीत गोठायचं. थंडीआधी टाक्या रिकाम्या केल्या, नळ्यांत हवा मारली, तरी तेच. अक्षरशः वैताग आला होता.

शेवटी हिवाळ्याआधी करायचा हा क्रम लागू पडला. गिझर बंद करून पूर्ण गार होऊ द्या, प्रेशर सोडा, मगच खालचं बूच काढा. बायपास व्हॉल्व्ह (गिझर वगळून पाणी पुढे नेणारी झडप) फिरवा, नाहीतर कॅनच्या कॅन अँटीफ्रीझ, म्हणजे थंडीत नळ्या फुटू न देणारा द्रव, गिझरमध्येच जातं. पंपाची नळी गुलाबी अँटीफ्रीझच्या कॅनमध्ये सोडा. ते प्रॉपिलीन ग्लायकॉलचंच हवं, इंजिनात घालतात ते विषारी असतं. प्रत्येक नळ आधी गरम, मग थंड, गुलाबी धार येईपर्यंत. बाहेरच्या शॉवरचेही दोन्ही नळ उघडा, हँडशॉवर खाली धरून. पाणी अडतं ते इथेच. मग टॉयलेट फ्लश करा, आणि प्रत्येक सिंकच्या ट्रॅपमध्ये (खालच्या वाकड्या नळीत) कपभर अँटीफ्रीझ ओता.