तीन आवाजांत ‘अँटिगनी’: घरच्या घरी सोफोक्लीस कसा वाचावा

प्राचीन ग्रीक नाटककार सोफोक्लीस मनातल्या मनात वाचू नका. ‘अँटिगनी’ची गोष्ट एवढीच: मेलेल्या पॉलिनायसिसला पुरायला राजा क्रेऑन बंदी करतो, आणि त्याची बहीण अँटिगनी ती मोडते. चारपाच माणसं जमवा आणि मोठ्यानं वाचा. आमच्या घरच्या पहिल्या वाचनात आम्ही आठ पात्रं आठ जणांत वाटली होती. सगळं विस्कटलं. ज्याचं काम संपलं तो पुस्तक मिटून बसला.

दुसऱ्या खेपेला सोफोक्लीसच्याच पद्धतीनं गेलो. दोनऐवजी तीन नट रंगमंचावर आणले ते सोफोक्लीसनं, असं ॲरिस्टॉटल सांगतो. मुखवटा बदलला की नट दुसरं पात्र व्हायचा. तेव्हा वाचायला तिघं घ्या, उरलेले सगळे कोरस, म्हणजे एकत्र बोलणारा-गाणारा समूह. माझी वाटणी अशी: पहिल्याकडे फक्त क्रेऑन. दुसऱ्या वाचणारीकडे अँटिगनी, मग आंधळा भविष्यवेत्ता तिरेसियस, शेवटी क्रेऑनची राणी युरिडिसी. तिसऱ्याकडे अँटिगनीची बहीण इस्मिनी, पहारेकरी, क्रेऑनचा मुलगा हेमॉन आणि दूत. अँटिगनीला पकडून आणणारा पहारेकरी सुटकेचा नि:श्वास टाकून जातो आणि थोड्याच वेळात तोच आवाज इस्मिनी होऊन येतो, बहिणीबरोबर मरायला तयार! एकाच गळ्यातून हे ऐकलं की अंगावर काटा येतो.

वाचनाआधी दहा मिनिटं लेखकाबद्दल बोला, जास्त नको. इ.स.पू. ४९६च्या सुमारास अथेन्सजवळच्या कोलोनस गावी जन्म. इ.स.पू. ४६८मध्ये डायोनिससच्या उत्सवातल्या नाट्यस्पर्धेत त्यानं ज्येष्ठ नाटककार एस्किलसला हरवलं. १२०हून जास्त नाटकं लिहिली, पूर्ण उरली सात. इ.स.पू. ४४१मध्ये तो अथेन्सचा पुढारी पेरिक्लीस याच्याबरोबर सेनापतीही होता. क्रेऑनच्या तोंडी राज्यकारभाराची भाषा इतकी पक्की बसते, ती कारभार जवळून पाहिलेल्या माणसाची आहे, असं मला ठामपणे वाटतं. म्हणून क्रेऑनला खलनायकाचा सूर लावू देऊ नका. त्याला स्वतःचं म्हणणं पूर्ण पटलेलं आहे.

आता मूळ ग्रीकमधला एक शब्द. अँटिगनी पहिल्याच ओळीत इस्मिनीला ‘औताडेल्फोस’ म्हणते, म्हणजे सख्खी. बरीच भाषांतरं तिथं ‘प्रिय बहिणी’ म्हणून मोकळी होतात. तसं असेल तर पेन्सिलनं ‘सख्खी’ लिहा. क्रेऑनसमोर ती पॉलिनायसिसला पुरल्याचं सांगते तेव्हा हाच शब्द वापरते, आणि पुढे हेमॉन बापाशी बोलतानाही तोच काढतो. तिन्ही जागा अधोरेखित करा. सख्ख्या भावाला माती देणं हा तिचा सगळा युक्तिवाद त्या एका शब्दात आहे.

कोरसच्या माणसावरच्या गाण्यात ‘देइनोस’ येतो: अद्भुत आणि भयंकर, दोन्ही. आम्ही ‘अचाट’ वाचतो.

तालीम करायचीच तर क्रेऑन-हेमॉनच्या भांडणाची करा. शेवटीशेवटी एकेक ओळीची चकमक आहे, मधे श्वासाइतकीच जागा. शहर एका माणसाचं नसतं, असं मुलगा म्हणतो. शहर राज्यकर्त्याचंच की, असं बाप म्हणतो. मग तू ओसाड रानावर छान एकटा राज्य करशील, असं मुलगा म्हणतो. आवाज चढवायची घाई नको. मुलगा पहिल्यापासून ओरडला तर त्याचं बापावरचं प्रेम ऐकूच येत नाही.

नाटक सुमारे साडेतेराशे ओळींचं आहे, दोन तास धरा. मधे चहा ठेवू नका.

युरिडिसीला एकच छोटं भाषण आहे, जेमतेम नऊ ओळींचं. मग दूत तिच्या मुलाचा मृत्यू सांगतो आणि ती अक्षरही न बोलता जाते. आमच्याकडे ही वाचणाऱ्या मावशींनी पुस्तक खाली ठेवलं, दूताकडे बघत सगळं ऐकलं आणि उठून आतल्या खोलीत गेल्या. दाराचा पडदा हलत होता तेवढ्यात कोरसची पुढची ओळ आली: ही शांतता कशाची?