रणजीआधीचा वाद नीट कसा घालावा: गोव्याच्या पंधरा जागांचा हिशेब

चवथ (गणेशचतुर्थी) उरकली की गोव्यात रणजीच्या, म्हणजे राज्यांच्या संघांमधल्या बहुदिवसीय क्रिकेट स्पर्धेच्या, संघावर बोलणं सुरू होतं. पर्वरी असो, म्हापसा असो की मडगाव, क्रिकेट बघणारे चार जण जमले की कोण आत आणि कोण बाहेर यावर आवाज चढतो. हा वाद व्हायलाच हवा, संघ आपला आहे. अडचण एवढीच की तो नावांपासून सुरू होतो आणि नावांवरच संपतो. मग पंधरा चांगले खेळाडू निवडले जातात, पण तिसऱ्या सामन्याला नवा चेंडू कुणाच्या हाती द्यायचा हे कुणीच ठरवलेलं नसतं.

पुढची पद्धत सहा-सात जणांसाठी आहे. अडीच-तीन तास, एक मोठा कागद आणि गेल्या दोन मोसमांचे धावफलक लागतील. धावफलक बीसीसीआयच्या संकेतस्थळावर मिळतात. ते आधीच काढून ठेवा, कारण आठवणीवर भांडलं की प्रत्येकाला आपल्या माणसाचं शतकच आठवतं.

आधी कामं, मग नावं

कागदावर पंधरा ओळी आखा आणि प्रत्येक ओळीत फक्त काम लिहा. चार दिवसांच्या क्रिकेटसाठी ही मांडणी सुरुवातीला घ्या: सलामीवीर तीन, मधली फळी तीन, यष्टिरक्षक दोन, वेगवान गोलंदाजी करणारा अष्टपैलू एक, वेगवान गोलंदाज तीन, फिरकीपटू तीन.

प्रत्येक कामाला अट जोडा, नाहीतर यादी नुसती शोभेची होते. तिसरा सलामीवीर तीन नंबरवरही खेळू शकला पाहिजे, म्हणजे मधल्या फळीतला कुणी जखमी झाला तरी तो उपयोगी पडतो. तीन फिरकीपटूंपैकी निदान एक चेंडू आत वळवणारा आणि एक बाहेर नेणारा हवा. आठव्या नंबरपर्यंत कुणीतरी तासभर उभं राहू शकेल असा माणूस हवा. वेगवान गोलंदाजांत एक डावखुरा मिळाला तर त्याचा दुहेरी फायदा होतो. तो यष्टीवरून टाकतो तेव्हा त्याच्या पावलांनी उजव्या फलंदाजाच्या ऑफ स्टंपबाहेर खरबडीत पट्टा तयार होतो, आणि समोरच्या टोकाकडून टाकणाऱ्या ऑफस्पिनरला चौथ्या दिवशी तोच पट्टा बळी मिळवून देतो.

दोन कामं करणारा खेळाडू यादीत किती जागा वाचवतो, याचं आपल्याकडचं ठळक उदाहरण डिसेंबर २०२२ मधलं आहे. राजस्थानविरुद्ध पर्वरीच्या मैदानावर सुयश प्रभुदेसाईने २१२ धावा केल्या, आणि डावखुरा वेगवान गोलंदाज म्हणून घेतलेल्या अर्जुन तेंडुलकरने प्रथमश्रेणी पदार्पणातच सातव्या नंबरवर १२० केल्या. असं शतक रोज होणार नाही. पण सातव्या नंबरवरचा माणूस फलंदाजीही करत असेल तर पाचवा गोलंदाज खेळवायला कर्णधार कचरत नाही.

षटकांचा हिशेब

या टप्प्यावर घाई करू नका. बहुतेक याद्या इथेच चुकतात.

२०२५-२६ चं वेळापत्रक नमुन्याला घ्या. साखळीत सात सामने होते: १५ ते १८ ऑक्टोबर, २५ ते २८ ऑक्टोबर, १ ते ४ नोव्हेंबर, ८ ते ११ नोव्हेंबर, १६ ते १९ नोव्हेंबर. मग दोन महिने पांढऱ्या चेंडूचं, म्हणजे मर्यादित षटकांचं क्रिकेट, आणि उरलेले दोन सामने २२ जानेवारीपासून. आता दुसरा, तिसरा आणि चौथा सामना बघा. २५ ऑक्टोबर ते ११ नोव्हेंबर म्हणजे अठरा दिवस. त्यांतले बारा दिवस खेळायचे आणि सहा मोकळे. त्या सहा दिवसांतच विमान, बस, हॉटेल आणि सराव बसवायचा.

दिवसाला नव्वद षटकं. समोरचा संघ पहिल्या डावात शंभर आणि दुसऱ्या डावात सत्तर षटकं खेळला असं धरा, म्हणजे सामन्याला १७०. दोन फिरकीपटूंनी मिळून ८० टाकली तर तीन वेगवान गोलंदाजांकडे ९० उरतात, प्रत्येकी तीस. तीन सामन्यांत प्रत्येकी नव्वद, तीही अठरा दिवसांत आणि ऑक्टोबरच्या दमट हवेत. पिंडरीत गोळे येणं, कंबर धरणं, वेग कमी होणं हे याच गणितातून येतं. तिसऱ्या सामन्यात गोलंदाजाचा वेग पडला की बघणारे त्याला दोष देतात, पण दोष चौथा गोलंदाज न नेणाऱ्या यादीचा असतो.

फिरकीपटूंचंही तसंच. सामन्याला चाळीस षटकं म्हणजे तीन सामन्यांत एकशेवीस. रणजीत वापरतात त्या एसजी कंपनीच्या चेंडूची शिवण उंच असते, बोटाचं कातडं सोलतं आणि पकड बिघडते. म्हणून तिसरा फिरकीपटू हा चैनीचा नाही. त्याला एखाद्या सामन्यात पहिला पर्याय म्हणून खेळवायची तयारी आधीच ठेवा.

कागदावर प्रत्येक गोलंदाजापुढे दोन आकडे लिहा: गेल्या मोसमात त्याने एका सामन्यात जास्तीत जास्त किती षटकं टाकली, आणि लागोपाठ किती सामने खेळला. पंचवीस षटकांपुढे कधीच न गेलेला आणि लागोपाठ दोन सामनेही न खेळलेला गोलंदाज तुमचा मुख्य आधार असू शकत नाही, मग त्याचा वेग कितीही असो.

गुण काय सांगतात

निर्णायक विजयाला ६ गुण, डावाने किंवा दहा गडी राखून जिंकल्यास आणखी १. अनिर्णित सामन्यात पहिल्या डावाची आघाडी घेणाऱ्याला ३, पिछाडीवरच्याला १.

यावरून सोपी बेरीज करा. सातही सामन्यांत आघाडी घेऊन ते अनिर्णित राखले तर २१ गुण. तीन सामने जिंकून उरलेले चार पिछाडीवर राहून अनिर्णित सोडले तर २२. म्हणजे वीस बळी घेऊ शकणारा गोलंदाज, सात नंबरला येणाऱ्या आणखी एका फलंदाजापेक्षा बहुतेक वेळा महाग. शेवटच्या जागेवर फलंदाज की गोलंदाज असा प्रश्न अडला की ही बेरीज पुन्हा मोठ्याने वाचा.

धावा कुठे केल्या, कुणासमोर केल्या

नोव्हेंबर २०२४ मध्ये पर्वरीत स्नेहल कौठणकर नाबाद ३१४ आणि कश्यप बखले नाबाद ३०० यांनी तिसऱ्या विकेटसाठी ६०६ धावांची अभेद्य भागीदारी केली. रणजीच्या इतिहासात तेवढी मोठी भागीदारी दुसरी नाही, आणि तिचा अभिमान प्रत्येक गोवेकराने बाळगावा. पण निवडीच्या कागदावर ती मांडताना समोर अरुणाचल प्रदेश होता आणि सामना प्लेट, म्हणजे खालच्या गटातला होता, हेही लिहा. अरुणाचलचा पहिला डाव ८४ वर आटोपला होता. एलिट, म्हणजे वरच्या गटातला फलंदाज निवडायचा असेल तर एलिट गटातल्या गोलंदाजीसमोरच्या धावांना जास्त वजन द्यावं लागतं.

सरासरी वाचताना सर्वांत मोठी खेळी काढून पुन्हा भागाकार करा. समजा, एकाचे दहा डाव असे: २१०, १२, ५, ३१, ०, १८, ४४, ९, २२, ९. बेरीज ३६०, सरासरी ३६. दुसऱ्याचे असे: ४१, ६३, २८, ५५, १२, ३७, ४९, ३०, ८, २७. बेरीज ३५०, सरासरी ३५. पहिला वरचढ दिसतो. आता दोघांची मोठी खेळी वगळा. पहिल्याचे नऊ डावांत १५०, म्हणजे सोळा-सतरा. दुसऱ्याचे २८७, म्हणजे जवळजवळ ३२. सलामीसाठी दुसरा घ्यावा. नवा चेंडू वीस षटकं खेळून काढायचं काम तो जास्त वेळा करतो. पहिल्याला पाचव्या नंबरसाठी विचारात घेता येईल, जिथे तो टिकला तर सामना फिरवतो.

गोलंदाजाच्या बळींत पहिल्या सहा फलंदाजांचे किती, हे वेगळं मोजा. तीस बळींपैकी अठरा शेपटाचे, म्हणजे खालच्या क्रमांकावरच्या कच्च्या फलंदाजांचे असतील तर तो डाव संपवणारा गोलंदाज आहे, उघडणारा नाही. तोही हवाच, फक्त त्याच्यासमोर काम बरोबर लिहा. टी-ट्वेन्टीचे आकडे या बैठकीत आणूच नका. चार षटकांतला हुशार गोलंदाज बाराव्या षटकाला काय करतो, ते त्यातून कळत नाही.

गोव्याची एक खास अडचण आहे. जून ते सप्टेंबर इथे टर्फवर, म्हणजे मातीच्या खऱ्या विकेटवर सराव जवळपास होत नाही. पोरं मॅटवर किंवा सिंथेटिक विकेटवर, छताखाली खेळतात. तिथे चेंडू एकसारखा उसळतो, त्यामुळे मागच्या पायावरचा खेळ सुंदर दिसतो. टर्फवर ओलसर विकेटला तोच चेंडू थांबून येतो आणि ड्राइव्ह हवेत जातो. म्हणून नेटमध्ये बघून आलेल्याचं मत ऐका, पण त्यावरून जागा देऊ नका. राज्याबाहेर मोसमपूर्व सामने झाले असतील तर त्यांतली कामगिरी नेटपेक्षा दुप्पट महत्त्वाची धरा.

बाहेरचे खेळाडू

राज्याच्या संघाला बाहेरचे जास्तीत जास्त तीन प्रोफेशनल घेता येतात. या विषयावर बैठक सर्वांत जास्त तापते, कारण दोन्ही बाजूंचं म्हणणं खरं असतं. आपल्या पोरांची जागा जाते हे खरं, आणि एलिट गटात अनुभवाशिवाय निभाव लागत नाही हेही खरं.

उपाय क्रमात आहे. आधी पंधराच्या पंधरा ओळी फक्त स्थानिक खेळाडूंनी भरायचा प्रयत्न करा. ज्या ओळीवर दोन चांगली नावं आली तिथे प्रोफेशनल नको. ज्या ओळीवर पेन थांबलं तिथेच हवा. साखळी, डिचोली, फोंड्याकडून फिरकीपटू पुढे येत असताना बाहेरून फिरकीपटू आणणं म्हणजे पैसे आणि पोरगा दोन्ही गमावणं. ओळ अडते ती बहुधा खऱ्या वेगाच्या गोलंदाजावर किंवा अनुभवी सलामीवीरावर.

बातमीवर संघ उभा करू नका. यशस्वी जयस्वालने एप्रिल २०२५ मध्ये गोव्याकडून खेळण्यासाठी मुंबईकडे ना हरकत प्रमाणपत्र मागितलं आणि मे महिन्यात तो विचार मागे घेतला. मधल्या काळात आपल्याकडे त्याला धरूनच अकरा लिहिले गेले. प्रमाणपत्र हातात आणि नाव नोंदलेलं, तेव्हाच त्याची ओळ भरा.

दुसरा कीपर

या जागेवर सर्वांत कमी बोललं जातं. २०२५-२६ पासून देशांतर्गत बहुदिवसीय सामन्यांत गंभीर दुखापत झालेल्या खेळाडूच्या जागी तशाच कामाचा बदली खेळाडू घेता येतो, सामनाधिकाऱ्याच्या मान्यतेने. बदली साधारणपणे नाणेफेकीच्या वेळी दिलेल्या राखीव नावांतूनच घ्यायचा असतो. म्हणजे प्रवासात नेलेले राखीव चार जण आता खरोखर मैदानात उतरू शकतात. दुसरा कीपर निव्वळ फलंदाज म्हणूनही सहाव्या नंबरवर चालेल असाच निवडा.

बैठक कशी चालवायची

पहिली पंधरा मिनिटं कुणी बोलायचं नाही. प्रत्येकाने आपली यादी गुपचूप लिहायची. सगळ्यांच्या याद्यांत असलेली नावं लगेच पक्की करा आणि त्यांवरची चर्चा बंद. साधारण दहा-अकरा नावं अशी निघतात. उरलेला सगळा वेळ शेवटच्या चार-पाच जागांसाठी.

त्यानंतर एकच कडक नियम: जो नाव सुचवेल त्याने कुणाला काढायचं तेही सांगायचं. हा नियम नसला की यादी वीस जणांची होते आणि रात्री अकराला सगळे थकून मोठ्या आवाजाच्या माणसाचं ऐकतात. एका नावाला बाजूने तीन मिनिटं, विरोधात तीन मिनिटं, मग हात वर.

आपल्या क्लबच्या किंवा गावच्या खेळाडूवर त्याच क्लबच्या माणसाने पहिल्यांदा बोलू नये. उत्तर गोवा आणि दक्षिण गोवा यांची विभागणी मोजत बसू नका. ती मोजायला लागलं की कामांच्या ओळी विसरल्या जातात.

कर्णधाराचं नाव शेवटी ठरवा. आधी ठरवलं तर त्याची जागा आपोआप पक्की होते आणि त्याच्या कामाची अट कुणी तपासत नाही.

यादी झाली की तिच्यातून दोन अकरा काढून बघा. एक पर्वरीच्या संथ विकेटसाठी, तीन फिरकीपटूंसह. दुसरी बाहेरच्या हिरव्या विकेटसाठी, चार वेगवान गोलंदाजांसह. दुसरी अकरा लिहिताना शेपूट आठव्या नंबरपासून सुरू होत असेल तर पंधरामध्ये अष्टपैलू कमी आहे, परत मागे जा. जानेवारीत उत्तरेत सामना असेल तर धुक्याने आणि अपुऱ्या उजेडाने षटकं कापली जातात हेही धरा. तिथे सामना पहिल्या डावाच्या आघाडीवर सुटण्याची शक्यता वाढते, म्हणून त्या दोन सामन्यांपुरता जादा फलंदाज चालतो.

प्रत्येक वादग्रस्त नावापुढे एका ओळीत कारण लिहून कागद जपून ठेवा. नोव्हेंबरमधला पाचवा सामना झाला की तोच कागद काढून पुन्हा बसा. तेव्हा तीनच नावं बदलायची मुभा ठेवा, आणि बदलताना आधी लिहिलेलं कारण कुठे चुकलं ते त्याच ओळीत खाली लिहा.