रिपोर्ट ‘नॉर्मल’ आला म्हणून निर्धास्त होऊ नका: सरासरीचे आकडे वाचताना या चुका टाळा

रक्ताच्या रिपोर्टमध्ये तुमच्या आकड्यासमोर जी रेंज छापलेली असते, ती तुमची नसते. निरोगी माणसांच्या मोठ्या गटाची मोजमापं घेतात, दोन्ही टोकांचे अडीच-अडीच टक्के सोडतात आणि उरलेल्या 95 टक्क्यांना साधारणपणे ‘नॉर्मल’ म्हणतात. म्हणजे ठणठणीत माणसांतलेही काही जण त्या रेंजबाहेर असणारच. एकमेकींशी संबंध नसलेल्या 20 चाचण्या एकदम केल्या, तर निरोगी माणसाचाही निदान एक आकडा बाहेर जाण्याची शक्यता सुमारे 64 टक्के असते. तरी लोक उगाच डझनावारी चाचण्या करून घेतात आणि एका ठळक अक्षरातल्या आकड्यापायी झोप घालवतात.

यापेक्षा घातक चूक उलट बाजूची आहे: आकडा रेंजमध्ये आहे, म्हणजे सगळं ठीक. पन्नाशी उलटलेले एक गृहस्थ माझ्याकडे आले. जिने चढताना धाप लागते, एवढीच तक्रार. हिमोग्लोबिन 13.6, रेंज 13 ते 17. दुसरीकडे त्यांना ‘सगळं नॉर्मल आहे, वयानं होतं’ असं सांगून परत पाठवलं होतं. मी जुने रिपोर्ट मागवले आणि टेबलावर तारखेनुसार ओळीनं मांडले: 15.9, 16.1, 15.8 आणि आता 13.6. दोन ग्रॅमहून जास्त हिमोग्लोबिन गेलं कुठे? शौचाच्या तपासणीत रक्त सापडलं, दुर्बिणीतून मोठ्या आतड्यातली गाठ दिसली. सगळ्यांच्या रेंजमध्ये बसणारा आकडा त्या माणसासाठी धोक्याचा होता आणि तो दाखवायला जुन्या कागदांशिवाय दुसरं काही नव्हतं.

मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते सांगणाऱ्या क्रिएटिनिनचंही तसंच. आठवड्याभरात ते 0.7 वरून 1.1 वर गेलं, तर वाढ दीडपटीहून जास्त होते. मूत्रपिंडाला अचानक इजा झाल्याच्या व्याख्येत ती बसते, पण 1.1 हा आकडाही बहुतेकदा रेंजमध्येच बसतो, म्हणून रिपोर्टवर सहसा खूण उमटत नाही.

म्हणून माझा आग्रह असा की जुने रिपोर्ट फेकू नका. शक्यतो एकाच लॅबमध्ये तपासा, वहीत तारीख आणि आकडा लिहा. ‘एका वाक्यात सांगा, ठीक आहे की नाही?’ अशी घाई करणाऱ्यांना हे कंटाळवाणं वाटतं. पण याला शॉर्टकट नाही.

दुसरी चूक मला फार लागते: आजाराचा ‘सरासरी’ काळ ऐकून माणसानं हातपाय गाळणं. जीवाश्मशास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड यांना 1982 मध्ये मेसोथेलिओमा हा कर्करोग झाला. तेव्हा त्या रोगात जगण्याचा मध्यक काळ 8 महिने होता. म्हणजे निम्मे रुग्ण 8 महिन्यांच्या आत गेले आणि निम्मे त्याहून जास्त जगले, त्यातले काही कितीतरी जास्त. गूल्ड 20 वर्षं जगले. प्रत्येकाला असं आयुष्य मिळेल, असं मी कुणालाही सांगत नाही. पण मध्यक ऐकलात की पुढचा प्रश्न विचारा: माझं वय, माझी अवस्था आणि मला मिळणारे उपचार पाहता मी कुठल्या बाजूला असण्याची शक्यता आहे?

‘आमचे आजोबा सिगारेट ओढून नव्वदी गाठून गेले’ हा युक्तिवाद मात्र नको. एक माणूस वाचला म्हणून गटाचा धोका खोटा ठरत नाही, आणि तुम्ही आजोबांसारखे निघाल याची हमी कुणीच देऊ शकत नाही.

बीएमआयचं (उंचीच्या मानानं वजन किती, हे सांगणाऱ्या आकड्याचं) सूत्र 19व्या शतकात बेल्जियमच्या केटले या गणितज्ञानं समूहाच्या अभ्यासासाठी मांडलं. स्नायू आणि चरबी यांतला फरक त्याला कळत नाही. सोबत कमरेचा घेर मोजा.

व्यायामात हृदयाचे मिनिटाला कमाल ठोके म्हणजे ‘220 वजा वय’, हा आकडा धरून धावू नका. एकाच वयाच्या दोघांत कमाल ठोक्यांचा फरक सहज वीसेक असतो. जेमतेम वाक्य बोलता येईल इतपतच दम लागू द्या. बीटा ब्लॉकर गोळ्या चालू असतील तर ते सूत्र विसराच, कारण तुमचे ठोके औषधानंच कमी केलेले असतात.