फोटोतल्या उंचीवरून अंतर कसं काढायचं

सूत्र शाळेतल्या समरूप त्रिकोणांचंच: वस्तूची खरी उंची गुणिले 'क', भागिले फोटोतली पिक्सेलमधली उंची. 'क' म्हणजे तुमच्या फोनच्या कॅमेऱ्याचं नाभीय अंतर (फोकल लेंथ, म्हणजे भिंगापासून आत चित्र उमटतं तिथपर्यंतचं अंतर), पण पिक्सेलमध्ये मोजलेलं. सगळी गोम तिथेच आहे.

'माहितीपत्रकातलं 26 मिमी सूत्रात टाका' असं सांगणाऱ्याचं ऐकू नका. तो आकडा जुन्या 35 मिमी फिल्मशी तुलनेसाठी दिलेला असतो, भिंगाचं खरं नाभीय अंतर नव्हे. 'क' स्वतः मोजा. ए-4 कागद भिंतीवर उभा चिकटवा (उंची 29.7 सेंमी) आणि 1, 2, 3, 4 मीटरवरून फोटो काढा. अंतर भिंतीपासून भिंगापर्यंत, तुमच्या चपलेपर्यंत नाही. 3 मीटरवर कागद 297 पिक्सेल भरला तर 'क' = 297 × 300 ÷ 29.7 = 3000. चारही ठिकाणी तो जवळपास सारखा यायला हवा. 1 मीटरवरचाच जास्त चुकत असेल तर टेपची सुरुवात तपासा. पाच सेंटिमीटरची चूक जवळ जास्त बोचते.

मी फसलो ते पुढे. 'क' काढला फोटोवरून आणि मैदानावर घेतला व्हिडिओ. रिझोल्यूशनच्या प्रमाणात 'क' कमी केला, तरी प्रत्येक अंतर कमीच येई. दोन संध्याकाळी टेपलाच शिव्या घातल्या. दोष स्थिरीकरणाचा होता: हलणारं चित्र सावरायला फोन कडा कापतो, उरलेलं ताणतो, आणि वस्तू मोठी दिसते. म्हणून ज्या मोडमध्ये मोजणार, त्याच मोडमध्ये 'क' काढा. झूम 1×, आणि फोन मधेच दुसऱ्या भिंगावर जात नाही ना, तेही बघा.

मग मैदानावर पडताळा. स्टंप जमिनीपासून 71.1 सेंमी, खेळपट्टी 20.12 मीटर. 'क' 3000 असेल आणि एका टोकाच्या स्टंपांच्या रेषेत भिंग धरलं, तर समोरचा स्टंप 106 पिक्सेल दिसायला हवा. एक पिक्सेल इकडेतिकडे झाला की उत्तर सुमारे 19 सेंटिमीटरने हलतं, तेव्हा मिलिमीटरच्या बाता मारू नका.

रुंदीऐवजी उंचीच मोजा. वस्तू 30 अंश वळली की रुंदी 13 टक्के घटते, उंची जवळपास तशीच राहते. वस्तू फ्रेमच्या मध्यावर ठेवा.

फोटो व्हॉट्सअॅपवर मागवलात तर बहुधा लहान होऊन येतो; डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा.