ओळखीच्या गिऱ्हाइकांपलीकडे मसाला विकायचा तर

घरगुती मसाल्याचा धंदा चवीमुळे क्वचितच अडतो. तो अडतो ओळखीत. दर उन्हाळ्यात त्याच नणंदा-जावा, शेजारणी, भिशीतल्या मैत्रिणी कांदा-लसूण मसाला सांगतात, डंकावरून कुटून आला की आठवड्यात संपतो. बरं वाटतं. पण ही माणसं निम्मा मसाला तुमच्याखातर घेतात. तिखट कमी पडलं तरी बोलत नाहीत, आणि त्यांच्यापुढे भाव वाढवायला तुमची जीभ रेटत नाही. कराडला मी हेच काम करते, आणि नव्या बायकांना आग्रहाने सांगते, पुढचं गिऱ्हाईक अनोळखीच शोधा.

आधी वही काढा आणि भाव मांडा. मिरची, सुकं खोबरं, तीळ, धणे, खडा मसाला, तेल, गॅस, कुटणावळ आणि पिशवी हे सगळ्याजणी धरतात. स्वतःची मजुरी मात्र कुणी धरत नाही. मिरचीचे देठ खुडण्यापासून कांदा भाजण्यापर्यंतचे तास मोजा आणि बाहेरची बाई लावली असती तर काय दिलं असतं ते लिहा. समजा किलोला 500 रुपये खर्च आला आणि तुम्ही ओळखीत 600 ला देता. हाच भाव दुकानात ठेवला आणि दुकानदाराने 20 टक्के घेतले, तर तुमच्या हाती 480 येतात, म्हणजे घरचे 20 गेले. 700 ठेवला तर 560 येतात, आणि त्यातूनच वाहतूक निघायची. स्वस्त दिल्याने गिऱ्हाईक टिकतं हे खरं, पण तोच भाव तुम्हाला दुकानाची पायरी चढू देत नाही. म्हणून ओळखीतला भावही आत्ताच वाढवा. दोघी-तिघी गळतील, गळू द्या.

मग प्रमाण कागदावर आणा. ब्याडगी रंगाला, लवंगी तिखटाला, किती ते काट्यावर तोलून लिहा. मूठ आणि अंदाज घरात चालतो. दुकानातून दुसरं पाकीट नेणाऱ्याला पहिल्याचीच चव हवी असते. कांद्यातलं पाणी पूर्ण आटलं नाही तर पाकिटात बुरशी धरते, तिथे घाई नको. प्रत्येक घाण्यातलं एक पाकीट तारीख घालून बाजूला ठेवा आणि महिन्या-महिन्याला उघडून वास घ्या. मसाला किती टिकतो हे त्यातूनच कळतं. त्याआधी लेबलवर मुदत छापू नका.

कागदपत्रांना बायका उगाच घाबरतात. एफएसएसएआय म्हणजे केंद्राचं अन्नसुरक्षा प्राधिकरण, त्याची नोंदणी ऑनलाइन होते, तिचा 14 अंकी क्रमांक लेबलवर लागतो. सोबत घटक, निव्वळ वजन, सर्व करांसह किंमत, पॅकिंगची तारीख, बॅच क्रमांक, नाव-पत्ता आणि शाकाहाराचं हिरवं चिन्ह. उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योग म्हणून होणारी नोंद, सरकारी पोर्टलवर फुकट होते, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका.

आता स्टॉल. पुण्याची भीमथडी जत्रा किंवा मुंबईचं महालक्ष्मी सरस पुढे बघू, आधी तालुक्याच्या ठिकाणचं बचत गटांचं प्रदर्शन गाठा. ओळखीच्या बायकांना त्या दिवशी बोलावू नका. त्यांनी गराडा घातला की नवं माणूस पुढे येत नाही. मसाल्यावर तेल घालून भाकरीचा तुकडा हातात द्या आणि एकच विचारा, घरी कुठला वापरता? उत्तर मिळालं की गप्प राहून ऐका. नाही म्हणून गेलेल्यांची कारणंही वहीत उतरवा, मला सगळ्यात जास्त तिथूनच शिकायला मिळालं. 1959 साली गिरगावात सात बायकांनी उसन्या 80 रुपयांवर पापड लाटायला घेतले, लिज्जतची ती सुरुवात. लाटले इमारतीच्या गच्चीवर, पण विकायला दिले भुलेश्वरच्या व्यापाऱ्याला. स्टॉलनंतर तुमचीही पुढची पायरी दुकानच.

दुकानदार पहिल्यांदा म्हणेल, खपेल तसे पैसे देतो. हो म्हणा, पण दहाच पाकिटं ठेवा, माल दिल्याचं चलन दोन प्रतींत करून सही घ्या, आणि पंधरवड्याने स्वतः जाऊन मोजा. मागचे पैसे हातात पडल्याशिवाय नवा माल देऊ नका.